कुटुंबीयांची तक्रार नाही

मलिंगार
८ नोव्हेंबर २०२०

ती. बाबांस,
चैत्रालीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर तुम्ही ‘सगळं ठीक’ एवढं म्हणता आणि फोन आईच्या हातात देता, म्हणून हे पत्र. टपालाला महिना लागला तरी चालेल.

आम्ही मजेत आहोत. गंधारच्या कारखान्यात मेडिकलची उपकरणं बनतात, त्यामुळे लॉकडाऊनमध्येही तो रोज जातो. निधी घरी बसून कंटाळली आहे. तुमच्या नातीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. गुडघा फुटला तरी विचारल्यावर ‘ग्रँड’ म्हणते, म्हणजे इथल्या बोलीत सगळं ठीक.

गार्डा म्हणजे इथले, आयर्लंडचे पोलीस. त्यांच्या ठाण्यात मी कारकून झाल्याला आता वर्ष होईल. वर्दी नाही, टेबल आणि कॉम्प्युटर. आलेलं टपाल उघडायचं, नोंदवायचं, ड्युटीचे तक्ते करायचे. मार्चपासून आमचे गार्डा एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे आठवड्यातल्या पाच संध्याकाळी चक्कर मारतात. औषधं पोचवतात, दारात उभं राहून चार शब्द बोलतात. नाकाबंदीला माणसं गुंतल्यामुळे हे सगळं ओव्हरटाइमवर चालायचं. आता आमच्या वाट्याचे ओव्हरटाइमचे तास कमी झालेत आणि त्यात दोनच संध्याकाळी बसतात. कुठल्या ठेवायच्या आणि कुणाकडे जायचं, याची यादी मी करतेय.

यादीत एक गॅव्हिगनबाई आहेत. ब्याऐंशी वर्षांच्या, शाळेतून निवृत्त. गार्डा यायच्या वेळी त्या लिपस्टिक लावून बसतात म्हणे. त्यांचं नाव मी तीनदा खोडलं आणि तीनदा परत लिहिलं. तुम्ही कराडच्या ठाण्यात इतकी वर्षं ड्युट्या लावल्यात. तुम्ही काय केलं असतं?

आईला नमस्कार. तुमच्या उत्तराची वाट बघतेय, रागावलात तरी चालेल.

तुमची,
चैत्राली

कराड
२ डिसेंबर २०२०

चि. सौ. चैत्राली हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावले. अक्षर मोठे आले आहे, पेन जाड मिळाले. प्रकृती उत्तम आहे. तुझी आईही ठीक. नंदकुमार हवालदार परवा भेटला. मुलीने बापाचे खाते सोडले नाही, म्हणून त्याने चहा पाजला.

आता तुझी अडचण. ती वाचून मला हसू आले. पोलिसाला ओव्हरटाइम? चौतीस वर्षे मी नोकरी केली. गणपतीत दहा दिवस बूट काढले नाहीत. निवडणुका, मोर्चे, मंत्र्यांचे दौरे, सगळे केले. साप्ताहिक सुट्टी कागदावर असायची. तास मोजायचे आम्हाला कधी सुचले नाही. म्हातारी माणसे वाट बघत बसली आहेत आणि तुमचे शिपाई घड्याळ बघतात? ड्युटी संपली की घरी जाता जाता दोन दारे वाजवायला काय लागते? जिथे इच्छा असते तिथे माणसे कमी पडत नाहीत.

तू हे साहेबांना सांगायला बिचकशील. कारकुनाचे कोण ऐकतो? म्हणून मी माझ्या परीने पाऊल उचलले आहे. योग्य मार्गाने केले आहे, काळजी नसावी. काय ते तुला यथावकाश कळेलच.

जावयांना आशीर्वाद. निधीला आजोबा रोज आठवण काढतात असे सांग, मराठीत सांग.

तुझा,
बाबा

मलिंगार
१७ जानेवारी २०२१

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

हे पत्र तुम्ही एकट्याने वाचा. आईला दाखवू नका.

तुमचं पाऊल गेल्या सोमवारी पोचलं. पाकीट फोडलं ते मीच, कारण टपाल मीच उघडते. कोर्टासमोरच्या टायपिस्टकडून करून घेतलेला दोन पानी इंग्रजी अर्ज, वर ‘विनम्र निवेदन’, मधे शिपायांनी ओव्हरटाइमशिवाय चकरा माराव्यात अशी विनंती, खाली तुमचा बक्कल नंबर आणि निवृत्तीचा दिनांक. क्षणभर वाटलं, घालावा पर्समध्ये. पण तुमचीच मुलगी ना. आवक नोंदवहीत नंबर टाकला, शिक्का मारला आणि आमच्या सार्जंट ऊना यांच्यासमोर ठेवला. कान इतके तापले होते की बाहेर जाऊन उभी राहिले.

ऊना हसल्या नाहीत. दोन्ही पानं नीट वाचली. मला आत बोलावून त्यांनी सांगितलं की आमचा कॉनर नावाचा गार्डा फुकट चकरा मारायला केव्हाच तयार होता, त्यांनीच नाही म्हटलं. त्याच्या घरी सहा आठवड्यांचं बाळ आहे. शिवाय फुकट काम चालू राहिलं तर माणसं कमी आहेत हे वर कुणाला दिसतच नाही, मग मंजूर कशी होणार? त्यांनी नोव्हेंबरपासून कुठल्या दारी कोण गेलं आणि कुठलं दार राहिलं याचा तक्ता माझ्याकडून करून घेतला होता. तो बघून वरून एका संध्याकाळचे तास वाढवून मिळालेत. गॅव्हिगनबाईंकडे आता आठवड्यातून तीनदा जातात. पाच नाहीत, पण तीन.

मग त्यांनी तुमच्या एका वाक्यावर बोट ठेवलं. ‘सदर कालावधीत अतिरिक्त कामाबाबत माझ्या कुटुंबीयांची कधीही तक्रार नव्हती.’ तुमच्या बाबांनी हे लिहिण्याआधी तुझ्या आईला विचारलं होतं का, असं त्यांनी मला विचारलं.

बाबा, मला राग आलाय आणि तो मी लपवणार नाही. तक्रार होती. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा कागदावर सही शेजारच्या अलकनंदाकाकूंनी केली, तुम्ही निवडणुकीच्या बंदोबस्ताला होतात. तुमचं आणि स्वतःचं ताट झाकून ती बसायची आणि शेवटी दोन्ही ताटं तशीच आत न्यायची. मला जवळ घेऊन म्हणायची, पोलिसाची बायको म्हणजे ठाण्याची बिनपगारी शिपाई. म्हणायची आणि हसायची, आणि मग मोरीत जाऊन नळ सोडायची. मी आठ वर्षांची होते, पण नळ कशाला सोडलाय ते मला कळायचं. तुमचे तास फुकट नव्हते, बाबा. ते तिच्याकडून घेतलेले होते.

तुम्ही चांगले पोलीस होतात. लोक अजून नाव काढतात आणि मला त्याचा अभिमान आहे. पण ते एक वाक्य मला गिळवत नाही.

रागावलात तर रागवा, पण लिहायचं थांबवू नका.

तुमचीच,
चैत्राली

कराड
२८ फेब्रुवारी २०२१

चि. सौ. चैत्राली हीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

माझं अक्षर बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फक्त यांच्या डोळ्यांचं तुला सांगायचं राहिलंय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. गेल्या एप्रिलात ऑपरेशन ठरलं होतं, पण दवाखान्यात सगळे करोनाचे पेशंट, म्हणून पुढे गेलं ते गेलंच. फोनवर तुला सांगायची मला बंदी होती. डिसेंबरचं पत्र त्यांनी कसंबसं लिहिलं. आता मथळेही दिसत नाहीत. पेपर, लाइटचं बिल, तुझी पत्रं, सगळं मी मोठ्याने वाचून दाखवते.

तेव्हा तुझं पत्रही मीच वाचलं. आईला दाखवू नका, ही ओळसुद्धा वाचली.

गाळून वाचता आलं असतं गं. त्यांना काय कळणार होतं? ताटांपर्यंत आले तेव्हा मनात आलंही, हवापाण्याचं काहीतरी घालावं आणि पान उलटावं. पण चाळीस वर्षं मी गाळूनच बोलत आले. या खेपेला नाही गाळलं. नळाचंसुद्धा वाचलं. तुला कळत होतं हे मला माहीत नव्हतं.

मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, हे पोरीने लिहिलंय की तू मधेच घालतेयस. मी सांगितलं, लिहिलंय तिने, पण आहे खरं. त्या रात्री त्यांचं जेवण नीट झालं नाही. मला भीती वाटली, रागावले असते तरी बरं, असं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर म्हणाले, ते पत्र आण आणि पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. निवडणूक कुठल्या सालची, ते त्यांना आठवलं. माझं ऑपरेशन आठवेना. मी सांगत गेले आणि ते ऐकत गेले. असे ते माझ्यासमोर कधी बसले नव्हते.

डोळ्यांची तारीख मिळाली की कळवीन. तू पोराबाळांची आणि त्या लिपस्टिकवाल्या बाईंची काळजी घे. आम्हा दोघांचा जीव तुझ्यात आहे, तुझ्या रागासकट.

एक निरोप आहे, त्यांनी सांगितला तसा लिहिते. तुमच्या सार्जंटबाईंनी त्या वाक्याबद्दल जे विचारलं होतं त्याचं उत्तर यांना लेखी कळवायचं आहे, आणि रीतसर आवक नोंदवहीत टाकायचं आहे. उत्तर असं: विचारलं नव्हतं.

खाली सही त्यांचीच आहे. ओळीबाहेर गेलीय, पण हात मी धरलेला नाही.

तुझी,
आई