साळू कुठे बसली?

ता. ४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू चित्रं काढलेलं नवं पुस्तक पोचलं. पहिल्या पानावर 'आमच्या पिटुकलीला, आपल्या घरात आल्याबद्दल' असं लिहिलंस, ते वाचून बायकोचे डोळे भरून आले. कामाचं सांगून तू आमच्या लग्नाला आली नाहीस, तेव्हापासून ती जरा धास्तावलेलीच होती.

पण ताई, एक घोळ झालाय. लग्नाला दोन महिने झाले तरी तिची लेक कपडे कपाटात ठेवत नाही. मी दोन कप्पे रिकामे करून दिलेत. ही बॅगेतून फ्रॉक काढते आणि धुऊन वाळला की पुन्हा बॅगेत घालते. परवा मात्र नवल घडलं. काटे टोचतात म्हणून साळूला बाकावर कुणी जवळ बसू देत नाही, इथवर वाचून झालं आणि पिटुकली उठून बॅग कपाटापाशी ओढत घेऊन गेली. मग दोन पानांवर पसरलेलं शेवटचं चित्र आलं. 'सगळे सरकले आणि साळू मधोमध बसली' असं खाली छापलंय. चित्रात डावीकडे ससा आणि खार, उजवीकडे बदक आणि कासव. साळू नाहीच! बॅग परत पलंगाखाली गेली.

हे काय आहे? मला तर काही उमगेना.

लोभ आहेच, तो आम्हा तिघांवर असू दे.
तुझा,
ठोंब्या

ता. ९ ऑगस्ट

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

चष्मा कुठे विसरलास? साळू बरोब्बर मधोमध आहे. तिचा एकेक काटा रंगवताना माझी मान आखडली होती. लहानपणी पायातली चप्पल घरभर शोधायचास, त्यात काही फरक पडलेला दिसत नाही. मी सोळा वर्षं चित्रं काढते आहे, नायिकेलाच विसरेन का? छपाईआधी मोठे कागद पसरून मी स्वतः तपासलेत.

पोरीला जवळ घेऊन पुन्हा बघ. राग नाही, पण थोडा आहे.
तुझी,
ताई

ता. १३ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पुन्हा पाहिलं. खालच्या घड्याळ दुरुस्तीवाल्यांनी तर डोळ्याला भिंग लावून पाहिलं. त्यांना खारीची शेपटी फार आवडली, साळू काही दिसली नाही.

पिटुकलीनं मलाच समजावलं की साळूला बोलावलं असेल, पण बाक भरला असेल, होतं असं कधीकधी. सात वर्षांची पोर माझी समजूत घालते, हे मला सहन होत नाही. तिला आता काय सांगू, ते तू कळव.

उत्तराची वाट पाहणारा,
ठोंब्या

ता. १८ ऑगस्ट

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

माझी चूक झाली. छापून आलेलं पुस्तक मी कधी उघडत नाही, त्यात नुसत्या चुकाच दिसतात. तुझ्या पत्रानंतर उघडलं. पानं बाजूनं शिवली की दोन्हीकडची बोटभर कड शिलाईत जाते. साळू मी दोन बोटांचीच काढली, तीही नेमकी तिथे.

माझ्याकडे चित्रं शिकणाऱ्या नव्या पोरांना मी पहिल्याच दिवशी बजावते की घडीत कुणाला बसवायचं नाही. मग माझ्याच हातून असं कसं झालं? चार दिवस विचार करून डोकं पिकलं. चूक म्हणावी तर हात एवढा चुकत नाही. मुद्दाम म्हणावं तर, शप्पथ, मला ठाऊक नव्हतं. तुझी पहिली बायको गेली तेव्हा माझी मैत्रीणही गेली रे. तिच्या जागी दुसरं कुणी मला बघवेल की नाही, या भीतीनं मी लग्न टाळलं. काम वगैरे काही नव्हतं. आणि वर जगातल्या मुलांना शिकवते की सगळ्यांना जागा द्या. मला माझीच लाज वाटते.

शिलाई उसव, साळू सापडेल. मी आता तिकडे यावं की नाही, तेही कळेनासं झालंय. तूच सांग.

गोंधळलेली,
ताई

ता. २३ ऑगस्ट

आत्याला नमस्कार.

काकांनी, म्हणजे तुझ्या भावानं, तुझं पत्र आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं, पण मधलं गाळलं. ते मी नंतर वाचलं.

दोरा मी कापला. साळू सापडली. तिच्या पोटाला सुईची तीन भोकं आहेत, पण ती हसते आहे. पुस्तक सुटं झालं. काका म्हणाले की परत शिवून आणू. मी नको म्हटलं, कारण ती पुन्हा आत जाईल. ते चित्र आम्ही भिंतीवर लावलंय.

तू यावं की नाही, हे काकांना लिहिता येईना. ते कागद घेऊन नुसत्या फेऱ्या मारत होते, म्हणून आई म्हणाली की मी लिहावं. मलापण यायची भीती वाटली होती. बॅग भरलेली असली की कमी वाटते. तू आलीस की तुझी बॅग लगेच उघडू नकोस, कुणी रागावत नाही.

कपाटातला वरचा कप्पा मी भरलाय. खालचा तुला ठेवलाय.

तुझी,
पिटुकली