शेंगदाण्याचा लाडू आणि मोचिका राजा

पुणे, २६ सप्टेंबर २०२५

चि. सौ. सुचित्रास,
अ. उ. आशीर्वाद.

सोमवारी सुखरूप पोचले. विमानतळावर माझा भाचा तन्मय आला होता. दिवाळीनंतरचं तिकीट बदलून घट बसवायला म्हणून धावले, तर शेजारणीने ते सकाळीच बसवून ठेवले होते. असो.

त्या रविवारी माझ्यामुळे चारचौघांत तुझी शोभा झाली. म्युझियमवाले फार बोलले का गं? तुझं गाईडचं काम काढून नाही ना घेतलं? तुमच्या ब्लॉकखाली महिनाभर ते चिनी आजोबा पितरांसाठी संत्री ठेवत होते, चहा ठेवत होते, कोणी हटकत नव्हतं. मला वाटलं, तिथेही चालत असेल. अक्कल गहाण टाकली मी, दुसरं काय!

माझ्या चपला तिकडेच राहिल्या, राहू देत. सौमित्रने घेऊन दिलेल्या नव्या चावतात, पण माझ्या लेकाला ते सांगू नकोस. जाईचं चित्र फ्रीजवर लावलंय.

माझी माया आहे तिथेच आहे.
आई


तोआ पायोह, सिंगापूर, ५ ऑक्टोबर २०२५

ती. आईंस,
कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून तोंड कुठे लपवू असं झालं. माफी तुम्ही मागायची? दोनदा फोनवर बोलायला गेले, तर तुम्ही मेथीच्या जुडीचा भाव सांगत बसलात. म्हणून लिहिते.

पेरू देशातल्या त्या प्राचीन मोचिका लोकांच्या राजाच्या थडग्याची प्रतिकृती मांडलीय, तिथली माझी ती पहिली फेरी. वन-नॉर्थच्या ऑफिसातले माझे दोन्ही साहेब मुद्दाम आले होते. राजाच्या गळ्यातल्या शेंगदाण्यांच्या माळेपाशी मी पोचले होते. उजवीकडचे दाणे सोन्याचे, डावीकडचे चांदीचे, दिवस आणि रात्र दोन्ही त्याच्या अंगावर, असं काय काय सांगत होते. तेवढ्यात सगळ्यांच्या माना वळल्या. तुम्ही चपला काढून काचेपाशी बसला होतात आणि रुमालातला लाडू खाली ठेवून हात जोडत होतात.

रखवालदाराने मला विचारलं, या तुमच्याबरोबर आहेत का. साहेब बघत होते. मी नाही म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ ठीक होतं. मी पुढे म्हणाले की मी या बाईंना ओळखत नाही.

त्याने तुम्हाला हळूच उठवून बाहेर नेलं. तुम्ही अनवाणी गेलात. तुमच्या चपला तिथेच होत्या आणि मी पंधरा माणसांना त्यांच्या बाजूने वळसा घालून पुढच्या दालनात नेलं. त्या उचलल्या जाईने. घरी येईपर्यंत ती त्या छातीशी धरून बसली होती, आणि तरी निघताना तुम्ही नव्याच घालून गेलात.

तुम्ही घटांसाठी गेलात असंच सौमित्र समजतो. मीही समजू दिलं. जाईने मात्र सगळं ऐकलंय. परवा तिने तिच्या त्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं, आजीला ओळखत नाही असं का म्हणालीस. मी भांडी घासत राहिले. मला स्वतःची शिसारी येते, आई.

लोभ ठेवा असं कोणत्या तोंडाने लिहू?
सुचित्रा


पुणे, १४ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. सुचित्रास,
अ. उ. आशीर्वाद.

ऐकलं होतं मी. तेवढं इंग्रजी कळायला कॉलेजात जावं लागत नाही. विमानात तुला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. पहिल्या पत्रात ते लिहिलं नाही, कारण माझीच लाज वाटत होती. परक्या देशात, सुनेच्या नव्या कामात, नको ते करून बसले.

पण एक नीट समजून घे. लाडू राजासाठी नव्हता. सोन्याचे शेंगदाणे मिरवणाऱ्याला माझ्या कुटाच्या लाडवाचं काय कौतुक! महिनाभर स्वयंपाकघरात तू माझ्यासमोर बोलायचा सराव करत होतीस, तेव्हा मी पोळ्या लाटता लाटता सगळं ऐकलंय. राजाच्या वरच्या बाजूला पुरलेला तो पहारेकरी, पाय कापलेला, जागा सोडून जाऊ नये म्हणून असेल असं तू म्हणालीस. त्या तिघी बायका, बहुधा आधीच कधीतरी वारलेल्या, त्यांची हाडं आणून त्याच्याभोवती ठेवलेली. मेल्यावरही उठवून चाकरीला लावलं बिचाऱ्यांना. आणि ते लहान मूल.

शनिवारी मी तुला विचारलं होतं, यांची नावं काय गं. तू म्हणालीस, त्यांची नावं कुठून असणार, त्यांना कोण ओळखतंय. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या. ज्यांची तिथी कोणाला ठाऊक नाही, ज्यांच्या नावाने घास ठेवणारं कोणी उरलं नाही, त्यांचाही तो दिवस. म्हणून ठेवला लाडू. तो ठेवून मी हात जोडते आहे, तोच तू मलाही त्यांच्यातच नेऊन बसवलंस.

हे मला फार लागलं. राग गेलाय असं खोटं लिहिणार नाही. सौमित्रला तू सांग, मी सांगणार नाही. परत कधी येणार ते आत्ता विचारू नकोस.

जाईला रागावू नकोस. तिने बरोबर विचारलं.

नीट राहा, वेळेवर जेवत जा.
आई


तोआ पायोह, २७ ऑक्टोबर २०२५

ती. आईंस,
कृ. सा. न. वि. वि.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी सौमित्रला सांगितलं. तो कंदील लावता लावता खाली ठेवून खोलीत गेला. अजूनही कामापुरतंच बोलतो. दिवाळी झाली म्हणायची.

काल माझी दुसरी फेरी होती. या वेळी सोन्यापासून सुरुवात केली नाही. आधी पहारेकऱ्यापाशी थांबले, मग त्या तिघींपाशी, मुलापाशी. म्हटलं, राजा एकटा पुरला जात नाही, हाच या थडग्याचा अर्थ मला आता कळतो. त्याच्यासाठी इतकी माणसं खाली गेली आणि एकाचंही नाव मला सांगता येत नाही. मग सांगितलं की गेल्या महिन्यात यांच्यापुढे घास ठेवणाऱ्या बाईंचं नाव नंदा कारखानीस, त्या माझ्या सासूबाई, आणि मी त्यांना ओळखत नाही असं याच जागी म्हणाले होते. तोच रखवालदार दाराशी होता, तो खाली बघत राहिला.

घरी येऊन हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. पंधरा अनोळखी माणसांना सांगून तुमचं काय भरून निघणार?

तुमच्या चपला आमच्या दाराशी, आमच्याच रांगेत आहेत. जाई रोज त्या सरळ करून ठेवते, कोणाला पाय घालू देत नाही. फराळाला येणारं प्रत्येक जण आत येता येता त्या बघून विचारतं, अरे वा, आजी आल्यात का. जाई लगेच माझ्याकडे बघते. सौमित्रही बघतो. आणि आजी का नाहीत, ते दर वेळी मला सांगावं लागतं.

तुमच्या लोभावर माझा हक्क उरला नाही, तरी वाट बघते.
तुमची सून,
सुचित्रा