भातवडीची लढाई आणि आमचा ओटा

५ जून
आज घरात रणधुमाळी! नात निकिताला बारावीनंतर नगरला जाऊन इतिहास शिकायचाय. तिचा बाप, माझा सूर्यभान, म्हणतो, "इतिहासानं पोट भरतंय व्हय? फॉर्म भरायचा न्हाई." पोरगी रडली. आता नाक ओढत माझं बोलणं लिहून घेतेय — हे पण लिहिलंस? खोड ते!

६ जून
म्हटलं, एवढं काय हाय इतिहासात, सांग बघू. तिनं भातवडीची लढाई काढली. भातवडी म्हणजे आपल्या नगरजवळची! तिथल्या लग्नात मी दोनदा जेवलेय, लढाईचं कुणी बोललं नाही. चारशे वर्षं झाली. नगरची निजामशाही, तिचा वजीर मलिक अंबर. गुलाम म्हणून विकलेला हबशी — आणि वजीर झाला! समोर विजापूरकर. दोघांचं जुनं वाकडं. दोघंही दिल्लीच्या मोगलाला आपल्याकडं ओढत होते, मोगल गेला विजापूरकराकडं. भावकीच्या भांडणात पुढारी आणल्यागत!

८ जून
पुढचं ऐकताना भाकरी करपली. दोन फौजा अंबराच्या मागं. हा सरत सरत भातवडीला आला अन् तळ्याचा बांधच फोडला! शत्रूच्या छावणीत चिखलच चिखल. वर रसद तोडली. उपाशी शिपाई निघाले अंबराकडं.
मी सुनेकडं पाहिलं. रुपालीनं माझ्याकडं पाहिलं.

९ जून
रसद तोडली!
सूर्यभान रानातून आला. "भाकरी?"
"पीठ संपलं," रुपाली.
"चहा?"
"गॅस संपला."
बिचारा शेव-चिवड्यावर निजला. जाता जाता विचारतो, "आये, तू तरी जेवलीस का?" उपास हाय म्हटलं. ओठाला पिठलं तसंच!

१० जून
ओटा धुवायला काढला. पाणी असं सोडलं की तिथल्या सूर्यभानच्या बाजेखाली तळं.

११ जून
आज निकितानं शेवट वाचला. मोगल-विजापूरकरांची दाणादाण! अंबराकडून शहाजीराजे लढले. त्यांचे भाऊ शरीफजी तिथंच पडले. जिंकलेल्या घरीही रडारड असतेच की.
मागून आवाज — "आन् ती उपाशी माणसं? अंबरानं त्यांना खायला घातलं का न्हाई?"
सूर्यभान! भिंतीला टेकून सगळं ऐकत होता.
निकिता म्हणाली, "या पुस्तकात न्हाई, पप्पा. नगरला जाऊन शोधावं लागंल."
काय टोला! सूर्यभाननं डोकं खाजवलं. मग म्हणाला, "फॉर्मची शेवटची तारीख कंची?"
रुपालीनं ताट वाढलं. पाच भाकरी हाणल्या पठ्ठ्यानं.

१६ जुलै
निकिता नगरला, होस्टेलवर. आजपासून ही वही सूर्यभान लिहितोय. म्हणतो, "आये, जरा थांब. मला आदी मागली पानं वाचू दे."
वाच, म्हटलं. हरलेल्यानं वाचावाच इतिहास!