जास्तीचे सात बोल्ट

१५ ऑगस्ट, शुक्रवार
झेंडावंदन उरकून थेट वेरूळ. गाडी आणली! लाल, दोन सीटची, परदेशी बनावटीची स्पोर्ट्स कार. तिथल्या एका हॉटेलवाल्यानं सहा वर्षं शेडमध्ये ठेवून तिच्यात कोंबड्या बसवल्या होत्या. सीटवर इंचभर घाण. शी! माणसं आहेत का कोण आहेत. इंजिन जाम, म्हणून कुणी घेईना. लोकांना दृष्टीच नाय. इंजिन मी घरीच खोलणार, घरीच बांधणार. वाळूजच्या कंपनीत बावीस वर्षं क्वालिटीत आहे, लोकांचे पार्ट रिजेक्ट करतो. चूक मला लांबून दिसते.

पोर्चमध्ये जागा पाहिजे म्हणून घरची जुनी गाडी मागच्या आठवड्यातच विकली. द्वारकानं, म्हणजे बायकोनं, तोंड पाडलं. भाऊबीजेला देवगाव रंगारीला कशात जायचं म्हणे. तिला एकच भाऊ, बद्रीनाथ. बहिणीनं ओवाळल्याशिवाय हा पठ्ठ्या त्या दिवशी घास तोंडात घालत नाही. तीन वर्षं माझ्या कामांपायी (असं ती म्हणते) तिचं जाणं हुकलं. गेल्या वर्षी तो दिवे लागले तरी उपाशीच बसला होता म्हणे. नाटकी माणूस! मी सांगून टाकलं, यंदा याच लाल गाडीत बसवून नेतो, साहेबरावचा शब्द आहे. फॅमिली ग्रुपवरही टाकलं. बारा अंगठे आले.

१७ ऑगस्ट, रविवार
इंजिन बाहेर काढलं. कंबर गेली.
बद्रीनाथचा फोन. त्याचं देवगावात ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. म्हणाला, दाजी, इंजिन टेम्पोत टाकून पाठवा, चार दिवसांत बांधून देतो. मी म्हणालो, ट्रॅक्टर वेगळा, स्पोर्ट्स कार वेगळी. तर म्हणे पिस्टन दोन्हीकडं वरखालीच होतो की. अडाणी! वर सल्ला, प्रत्येक बोल्टवर खूण करा, काम थांबलं की इंजिन चादरीनं झाका. मला शिकवतोय.

२४ ऑगस्ट, रविवार
बोल्टसाठी सिस्टीम लावली. द्वारकाचा मसाल्याचा डबा घेतला. सात वाट्या, सात प्रकारचे बोल्ट. तिखटाच्या वाटीत हेडचे, मोहरीच्या वाटीत टायमिंगचे, असं. हळद-तिखट सध्या पुड्यांत. द्वारका बडबडली. मोठ्या कामात घरच्यांचा सपोर्ट लागतो, तो आमच्या नशिबात नाय.

७ सप्टेंबर, रविवार
गणपतीत दहा दिवस वाया. आज लेकीचा, अपेक्षाचा, धक्का लागून डबा उपडा झाला. नीट लिहायचं तर मी मोबाइलवर व्हिडिओ बघत उठलो, तेव्हा ती वाटेत उभी होती. सगळे बोल्ट एकात एक. पोरगी इंजिनिअरिंगला आहे, पण बापाच्या वाटेत उभं राहायचं नसतं एवढं शिकवत नाहीत.
बोल्ट अंदाजानं लावले. अनुभव कशासाठी असतो?

१४ सप्टेंबर, रविवार
बारके पार्ट डिझेलमध्ये भिजवायला खोलगट भांडं पाहिजे होतं. वरणाचं पातेलं घेतलं. काळा चिकट गाळ निघाला, त्यात कोंबडीचं पीसपण. पातेलं साबणानं दोनदा घासून जागेवर ठेवलं. एवढं कोण करतं?

१७ सप्टेंबर, बुधवार
तीन दिवस झाले, मायलेकी म्हणतात वरणाला डिझेलचा वास येतोय. मला नाय येत. मी दोन्ही वेळेला कंपनीच्या कँटीनमध्येच जेवतो, सुट्टीला ढाब्यावर, ही गोष्ट वेगळी. मी म्हणालो, नाटकं करू नका, खा गुपचूप. अपेक्षा म्हणाली, नवीन पातेलं आणा. मी म्हणालो, गाडी झाली की.

२१ सप्टेंबर, रविवार
चारही पिस्टन बसवले. पिस्टनवर बाण असतो, तो इंजिनाच्या पुढच्या बाजूला पाहिजे. माझे चारही मागं. म्हणजे चूक नाही, मी दुसऱ्या बाजूला उभा होतो. परत काढले. एक रिंग मोडली. डुप्लिकेट माल! या देशात चांगली वस्तू मिळतच नाही. वीट आलाय.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी
आज हत्यारांची पूजा, कामाला सुट्टी. पाने, हातोडे, टॉर्क रेंच, सगळं पाटावर मांडलं. मधोमध इंजिन. वरचं झाकण अजून लावलेलं नाही, त्यामुळं आतलं सगळं चकचकीत दिसत होतं. लई देखणं! अपेक्षा म्हणाली, बाबा, वरून चादर तरी टाका. मी म्हणालो, देवाला कुणी झाकून पुजतं का? द्वारका चिमटीनं अक्षता टाकत होती. मी ताट हातातून घेतलं आणि मूठभर कुंकवाच्या अक्षता टाकल्या. झेंडूपण कुस्करून टाकला. शुभकार्यात कंजुषी नसावी. नंतर फडक्यानं झटकून घेतलं.
आता या इंजिनाला नाट लागणार नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार
इंजिन गाडीत बसलं! मी एकट्यानं, आणि अपेक्षाच्या चार मैत्रिणींनी मिळून बसवलं.
सात बोल्ट उरले. कंपनीवाले जास्तीचे देतच असतात. बद्रीनाथला सांगितलं तर फोनवर त्यानं दोनदा विचारलं, सात? मग म्हणाला, दाजी, अजून दहा दिवस आहेत, मी येऊन बघून जातो. फोन ठेवून दिला. जळतो.

१९ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ११
चालू झालं!!! पहिल्याच झटक्यात! (बाविसाव्या.) गल्ली गोळा झाली. टकटक आवाज येतोय, स्पोर्ट्स कारचा आवाज तसाच असतो.
डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा पेटलेलाच राहतोय. ऑइल नवीन, काठोकाठ. म्हणजे सेन्सर डुप्लिकेट. किळस आली त्या दिव्याची. बल्ब काढून टाकला. आता डॅशबोर्ड स्वच्छ.
द्वारकाला म्हणालो, बॅग भर. ती पहिल्यांदाच हसली. माहेरची साडी इस्त्रीला टाकली.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा
एक अडचण. माणसं तीन, सीटा दोन. हे दोन महिन्यांत कुणाच्याच लक्षात आलं नाही. मला कुणीतरी सांगायला नको का? अपेक्षा म्हणाली, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती एसटीनं जाणार आहे.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज. सकाळी ८
निघतोय. आधी क्रांती चौकातून एक राऊंड, मग वेरूळमार्गे देवगाव. कोंबडीवाल्या हॉटेलसमोर हॉर्न वाजवणार. डिकीत जागाच नाही, म्हणून ओवाळणीचं ताट द्वारकाच्या मांडीवर.

तोच दिवस, दुपारी १
मिटमिट्याच्या पुढं रस्त्याच्या कडेला बसून लिहितोय. क्रांती चौकात सगळे वळून वळून बघत होते. पुढं टकटक वाढली, मग ठणठण, मग एक असा कर्कश आवाज की द्वारकानं ताट छातीशी धरलं. इंजिन बंद. धूर. किल्ली फिरवली, काहीच हलत नाही. परत जाम.
पेट्रोलमध्ये भेसळ असणार. शंभर टक्के.
द्वारकाला म्हणालो, रिक्षा बघू का? तिनं ताटावर पदर ओढला. अपेक्षाचा फोन आला, ती दहालाच पोचली, शेवया खाऊन झाल्या. मामा मात्र सकाळपासून तसाच बसलाय म्हणे, पाणीपण घेतलेलं नाही.
शेवटी द्वारकानंच भावाला फोन केला.

संध्याकाळी ७, देवगाव
बद्रीनाथ तीनला पिकअप घेऊन आला. गाडी ओढायचा दोर काढायला लागला तर द्वारका म्हणाली, आधी बस. रस्त्याच्या कडेला, ट्रकांच्या धुळीत, माझ्या गाडीच्या बोनेटला टेकवून बसवलं त्याला. वाऱ्यानं निरांजन विझत होतं, तर त्यानंच दोन्ही हातांचा आडोसा धरला. तिनं ओवाळलं, पेढा भरवला. चार वर्षांनी. दोघंही रडत होते. मला बघवेना. गाडीमागं जाऊन चाकात हवा आहे का ते बघत उभा राहिलो.
मग दोर लावला. वेरूळला तो हॉटेलवाला दारातच चहा पीत होता. त्यानं हात केला. मी आरसा नीट करत बसलो.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
बद्रीनाथनं सकाळी गॅरेजात खालचं ऑइलचं पात्र उघडलं. आत ऑइल ओढून घेणारी जाळी असते, ती गच्च बुजलेली. बोटानं खरवडून त्यानं वर्तमानपत्रावर काढलं. तांदूळ. आणि काळ्या पडलेल्या झेंडूच्या पाकळ्या.
ऑइल वर चढलंच नाही, कोरडं घासून सगळं गेलं, असं तो म्हणाला. तो दिवा हेच सांगत असणार, असंही म्हणाला. बल्ब कुठं गेला ते विचारलं नाही. माझ्या खिशात होता.
मी म्हणालो, पोर्चमध्ये उंदीर लई झालेत, तांदूळ त्यांनीच नेले असतील. बद्रीनाथनं एक दाणा फडक्यानं पुसून माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाला, दाजी, उंदीर कुंकू लावत नाहीत.
द्वारका दारात उभी होती. मला वाटलं हसेल. हसली नाही.
नंतर त्यानं ते सात बोल्ट मागितले. प्रत्येकाची जागा दाखवली. सातही जागा होत्या.

२६ ऑक्टोबर, रविवार
काल एसटीनं एकटाच घरी आलो. उद्या ड्युटी. द्वारका आणि अपेक्षा आठ दिवस तिकडंच. कधी येता असं विचारलं तर द्वारका म्हणाली, बघू. गाडीपण तिकडंच. बद्रीनाथ बांधून देणार आहे. मी नको म्हणालो नाही.

कँटीन बंद, ढाब्यावर जावंसं वाटेना. संध्याकाळी वरण लावलं. भात नाही, तांदळाकडं बघवत नाही. पहिला घास घेतला आणि उलटीच आली. डिझेल! नुसतं डिझेल! थू! पातेलं राखेनं घासलं, लिंबानं घासलं, परत वरण लावलं. तोच वास.

सप्टेंबरपासून दोघी रोज हेच खात होत्या. आणि मी म्हणत होतो, नाटकं करू नका.

ढाबा अजून उघडा होता, पण गेलो नाही. वरण सगळं संपवलं.