फोनवर दिलेली दोन उत्तरं

प्रिय तेजू,

हे फोनवर बोलायला गेले तर मी ओरडेन आणि तू गप्प बसशील, म्हणून लिहिते.

तू पाठवलेला व्हिडिओ परवापासून चार वेळा पाहिला. लिस्बनमधला तुमचा तो फायनान्सचा वर्ग, देशोदेशीची मुलं आणि पडद्यावर आपल्या नारायणगावच्या टोमॅटोच्या भावाचा आलेख! भाव कोसळण्याची जोखीम आधीच कशी मोजायची, ते तू सांगत होतीस आणि पांढऱ्या केसांचे प्राध्यापक टिपून घेत होते. आमच्या भावकीत माझ्याआधी कॉलेजचं तोंड कुणा बाईने पाहिलं नव्हतं. पुढे तीस वर्षं अवसरीच्या शाळेत गणित शिकवलं. कुणाचं पटकन कौतुक केलं नाही, तुझं तर नाहीच. पण परवा माझा हात आपोआप तोंडावर गेला. शेजारच्या बयाबाईंना बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बाई, ही आपलीच तेजी का? आन् ते गोरं म्हातारं हिचं ऐकून लिव्हतंय व्हय?" मी म्हटलं, नीट बसा, पुन्हा दाखवते.

तिकडे जाण्याआधी तुझा व्हिसा दोनदा नाकारला गेला. पहिल्या वेळी कागद अपुरे होते, ते तू जमवलेस. दुसऱ्या वेळी मात्र खचलीस. परत येण्याच्या हेतूची खात्री पटत नाही, एवढीच ओळ नकाराच्या पत्रात होती, आणि तू त्याचा दोष व्हिसाच्या मुलाखतीतल्या स्वतःच्या बोलण्याला दिलास. मला बोलताच आलं नाही, म्हणत आठवडाभर धड जेवली नाहीस. मग एका सकाळी डोकं धुतलंस आणि नव्या दाखल्यासाठी घोडेगावच्या एस.टी.त बसलीस. एवढं बळ कुठून आणलंस, मला अजून उमगलेलं नाही. तुझ्या जागी मी असते तर पदर खोचून इथेच राहिले असते. खरं तर राहिलेच.

आता तू लिहितेस की गुरुवारी तिथल्या नोकरीची मुलाखत आहे, पण जाणार नाहीस. मुलाखती तुला जमत नाहीत, पदवी घेऊन सरळ घरी येतेस. तेजू, व्हिसाची तुझी मुलाखत बिघडली नव्हती. दुसऱ्या अर्जानंतर व्हिसाच्या कचेरीतल्या एका बाईंचा पडताळणीचा फोन मला आला होता. मुलगी शिकून परत येईल का, असं त्या बाईंनी विचारलं. मी ताठ्यात म्हणाले, "कशाला येईल? एवढं शिकून इथे काय करायचंय तिला?" त्यांनी धन्यवाद म्हणून फोन ठेवला. नकाराची ती ओळ वाचली तेव्हा कळलं, मी काय करून बसले ते. तुला रडताना पाहूनही मी तोंड उघडलं नाही. तिसऱ्या वेळी पुन्हा फोन आला, तेव्हा "येईल, नक्की येईल" म्हणाले. खोटं बोलणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर उभं करणारी मी! रागाव, महिनाभर बोलू नकोस. पण गुरुवारी जा. राहायचं की यायचं, ते नंतर तू ठरव. यापुढे मला कुणी विचारलं, तर मी एवढंच सांगेन: तिलाच विचारा.

गुरुवारची वाट पाहणारी,
तुझीच आई