तिसरी सुई

३ जून
गळ्यातल्या गाठीत सुई घालून झाली. एकदा नाही, तीनदा! सुईवाले डॉक्टर पहिल्या सुईतच मोकळे झाले होते. पण कोपऱ्यात मायक्रोस्कोपला डोळा लावून एक लॅबवाल्या डॉक्टर बसलेल्या — गळ्याला रुमाल, आवाज बसलेला. काचपट्टी बघून म्हणतात, "पेशी कमी आहेत. अजून एकदा घ्या." दुसऱ्यांदाही तेच! तिसऱ्या सुईत उरलेलं त्यांनी एका बाटलीत जपून ठेवलं. माझा जीव जातोय आणि या बाटल्या भरतायत.

घरी येऊन मी त्यांचं नाव ठेवलं — घोगरीबाई. नवरा म्हणाला, भोंग्याने घोगरीला नावं ठेवू नयेत. भोंगा म्हणजे मी. तलावावर पोरांना पोहायला शिकवते. बुडत्या-उठत्या पोराच्या कानात शिरायचं तर असाच गळा लागतो.

९ जून
रिपोर्ट म्हणतो, नक्की सांगता येत नाही. धड कॅन्सर नाही, धड साधी गाठ नाही. सर्जन म्हणाले, अर्धी थायरॉइड काढू, मग तपासून कळेल. आवाजाची नस तिथूनच जाते, पण आवाजाला सहसा काही होत नाही. त्या 'सहसा'ने माझी झोप उडवली. सासूबाई म्हणाल्या, शिर सलामत तर पगडी पचास. पण माझ्याकडे पगडी एकच आहे!

१० जून
आज फक्त शिट्टीवर शिकवून पाहिलं. पोरं हसत सुटली. मला रडू आलं.

१२ जून
घोगरीबाईंचा फोन! त्या बाटलीतल्या पेशींची आणखी एक तपासणी होते — जनुकांची. त्यांनी सर्जनशी बोलूनही घेतलंय. "निकाल येईपर्यंत ऑपरेशनची तारीख घेऊ नका," म्हणाल्या. ती बाटली!

२६ जून
कॅन्सरच्या खुणा नाहीत. ऑपरेशन रद्द! अधूनमधून सोनोग्राफी करून गाठीवर नजर ठेवायची, बस. सासूबाईंनी मला घट्ट जवळ घेतलं आणि लगेच म्हणाल्या, आता तरी नीट जेव. तलावावर इतकी ओरडले की रखवालदार धावत आला. त्या तिसऱ्या सुईचे किती उपकार मानू?

२७ जून
आभार मानायला लॅबमध्ये गेले. म्हटलं, तुमच्या हट्टाने माझा आवाज वाचला. त्यांनी गळ्यावरचा रुमाल सोडला. खाली आडवा व्रण.

"माझ्या वेळी बाटली कोणी भरली नव्हती," त्या म्हणाल्या. "गाठ काढल्यावर कळलं, साधीच होती."