तुझ्या आवाजाच्या जागी बॉक्स

प्रिय आजी,
सविनय जयभीम.

पुष्कळ माणसं मिळून काही म्हणू लागली, की ते ज्या वेगानं सुरू होतं त्या वेगानं संपत नाही, हे तुझ्या लक्षात आलं होतं का? टाळ्या वाजत असतील तर शेवट धावत येतो. टाळ्या नसतील, आपल्या विहारातल्या वंदनेसारखं सगळं संथ असेल, तर ओळीमागून ओळ रेंगाळत जाते. मुद्दाम कुणीच करत नाही. मग हे होतं कसं?

उत्तर मी तुला सांगणारच आहे, पण आधी राग सांगते. आषाढ पौर्णिमा जवळ आली आहे. यंदाच्या वर्षावासात, पावसाळ्याचे तीनही महिने, रोज संध्याकाळी वंदना मोबाइलवरून स्पीकरच्या बॉक्सवर लावायची, असं विहाराच्या समितीनं ठरवलं आहे. ठरवणारा कोण? तुझाच मुलगा! मिलिंदकाका! मी लोणारहून एसटीनं जानेफळला आले, काकाशी भांडले, आणि आता तुझ्या खाटेवर बसून हे लिहिते आहे. माझं स्पष्टीकरण न कंटाळता शेवटपर्यंत ऐकणारं या घरात दुसरं होतं तरी कोण?

तर उत्तर असं, निदान वंदनेपुरतं. समूहात प्रत्येक जण शेजाऱ्याचा शब्द ऐकतो आणि मग आपला उच्चारतो. या ऐकण्यात क्षणाचा जेमतेम एखादा अंश उशीर होतो. पण शेजारीही माझ्यासाठीच थांबलेला असतो! सगळेच एकमेकांसाठी थांबले, की तो उशीर ओळीगणिक साचत जातो. त्यावर उपाय एकच : त्या घोळक्यात कुणासाठीही न थांबणारा एक तरी आवाज हवा.

तो तुझा होता. आणि तू बसायचीस कुठे? पहिल्या रांगेत तुझा मान होता, तिथे नाहीच. नव्यानं लग्न होऊन आलेल्या सुना, पाली शब्द न येणाऱ्या, नुसते ओठ हलवणाऱ्या बाया जिथे बसत, त्यांच्या मधोमध. तुझ्या आवाजाला धरून त्या एकेक शब्द उचलत. मी शाळेत ध्वनी शिकवते ना आजी, म्हणून सांगते, ती जागा अगदी योग्य होती. जिथे आवाज कमी, तिथेच तो ठेवायला हवा.

घरातही तुझा तोच नियम. चुलीवरची शेवटची भाकरी उतरली, की आधी सगळ्यांनी मिळून त्रिशरण म्हणायचं. बाबा भुकेनं कुरकुरायचे, "आई, जेवून म्हनलं तर नाही चालत का?" तू म्हणायचीस, "जेवल्यावर तुह्या तोंडातून ढेकर निंघते, शब्द नाही."

आणि गोकर्णामावशीचं घर आठवतं? तिचा नवरा गेला तेव्हा तिनं दार लावून घेतलं होतं. तू विहारातली सगळी मंडळी उचललीस आणि तिच्या अंगणात सतरंजी टाकलीस. रोज संध्याकाळी. कुणी तिची समजूत घातली नाही, कुणी दार वाजवलं नाही. नुसती वंदना म्हणायची आणि उठायचं. एके दिवशी दार उघडलं, ती उंबऱ्यावर बसली आणि तुमच्याबरोबर म्हणू लागली. शब्द चुकत होते. तू दुरुस्त केले नाहीस.

आता बॉक्सची गोष्ट ऐक. तुझ्या पहिल्या स्मृतिदिनाला काकानं तोच लावला. शुद्ध उच्चार, गोड गळा, मागे वाद्यं. आणि समोर आपली माणसं हात जोडून गप्प! निम्म्यात काकाच्या मोबाइलवर कुणाचा तरी फोन आला. वंदना बंद, विहारभर लग्नातलं गाणं सुरू! काकानं घाईनं फोन कापला. वंदना मात्र आपोआप सुरू झाली नाही. जन्मभर वंदना म्हणत आलेली ही माणसं पुढची ओळ उचलायची सोडून बॉक्सकडे बघत बसली! मी एकटीनं ओळ उचलली. सूर फार वर लागला आणि गळ्यातच अडकला. तेवढ्यात काकानं पुन्हा बटण दाबलं.

मी हार मानली नाही, तू ओळखतेसच मला. पुढल्या रविवारी मोबाइलवर ठेका लावला आणि म्हटलं, याच्या तालावर म्हणा. सगळ्या बाया टिकटिक ऐकत बसल्या. गोकर्णामावशी म्हणाली, "काय व पोरी, वंदना म्हनून राह्यलो का बॉम्ब फुटाची वाट पाहून राह्यलो?" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण घरी येऊन चरफडले.

काल काकाला विचारलं, "काऊन असं करता? माणसं असताना यंत्र कशाला?"

"कोनाले जमते तिच्यावानी?" काका म्हणाला. "तुटकं तुटकं म्हन्यापेक्षा चांगलं आयकलेलं बरं." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिचा आवाज नसलेली वंदना मले सहन नाही होत, पोरी. बॉक्स लावला का तिची जागा खाली हाये हे समजत नाही."

तेवढ्यात दारात उभी असलेली गोकर्णामावशी बोलली, "मिलिंद, तुहा बॉक्स काही माह्या आंगनात येऊन बसला नोता."

आजी, खरा राग मला तुझाच आला आहे. इतका पक्का आवाज कशाला दिलास आम्हाला? आम्ही त्याला टेकून उभे आहोत हे आम्हाला कळलंही नाही!

की तू कळवत होतीस? शेवटच्या वर्षी तू म्हणता म्हणता मध्येच थांबायचीस. तुला धाप लागली असं वाटून मी पाणी घेऊन धावायचे, आणि तू हातानंच मला बाजूला सारायचीस. "पानी नको. आयकू दे मले." काय ऐकत होतीस? तुझ्याशिवाय ओळ पुढे जाते का, हेच ना? तेव्हा ती जायची. अडखळत, पण जायची.

म्हणून हे माझं वचन. पौर्णिमेला मी शिकवायला फळा आणणार नाही, ठेका लावणार नाही, काकाशी वादही घालणार नाही. त्यानं एक संध्याकाळ बॉक्स बंद ठेवायचं कबूल केलं आहे, एकच. मी तुझ्या जागी, शब्द न येणाऱ्या बायांमध्ये बसेन, खालच्या सुरात सुरू करेन, आणि कुणासाठी थांबणार नाही. मग एका ओळीच्या मधोमध तोंड मिटेन आणि ऐकेन. ही परीक्षा कुणालाही, कुठल्याही समूहात करून पाहता येईल : आपला आवाज अर्ध्या ओळीवर काढून घ्यायचा. ओळ पुरी झाली, तर तो समूह जिवंत आहे. तुटली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच जाऊन बसायचं.

तुझीच,
वैशाली